इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड

निबंधांचा गठ्ठा पुढ्यात घेतला की पहिल्या वहीतलं पहिलं वाक्य मी न वाचताच सांगू शकते. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड...’ ते नसेल तर ‘सिन्स द डॉन ऑफ टाइम...’ आणि तेही नसेल तर ‘ॲज वी ऑल नो...’ विषय मोबाइलचा असो, गणवेशाचा असो की प्रदूषणाचा, सुरुवात मानवजातीच्या उदयापासूनच व्हायला हवी असा जणू नियम आहे. आदिमानवाचा आणि गृहपाठाचा काय संबंध, असं मी एकदा वर्गाला विचारलं. मुलं खूप हसली. पुढच्या गठ्ठ्यातून आदिमानव गायब झाला आणि त्याच्या जागी ‘नाउअडेज’ आला.

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. कविता, धडे, व्याकरण सगळं असतंच, पण वर्षातला सगळ्यात चिवट भाग म्हणजे औपचारिक निबंध. वादाचा एखादा प्रश्न घ्यायचा, त्यावर भूमिका ठरवायची, ती कारणांनिशी मांडायची, विरुद्ध बाजूला उत्तर द्यायचं, आणि हे सगळं अशा वाचकासाठी जो आपल्याला ओळखत नाही. मुलांना वाटतं, यातलं अवघड काय तर इंग्रजी. पालकांनाही तेच वाटतं. ‘बोलते छान हो, मॅडम, फक्त लिहिताना तिचं इंग्रजी कमी पडतं.’ मी मान डोलावते, कारण पालकसभेत लांबलचक वाद घालायला वेळ नसतो. पण इतकी वर्षं वह्या तपासून माझं मत असं झालंय, की इंग्रजी कमी पडण्याची वेळ फार उशिरा येते. त्याच्या खूप आधी मुलांकडे म्हणण्यासारखंच काही नसतं. किंवा असतं, पण ते कागदावर म्हणायची त्यांना भीती वाटते.

‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ हे त्या भीतीचं घसा खाकरणं आहे. चार लोकांत बोलायला उभा राहिलेला माणूस खाकरतो, त्यात वावगं काही नाही. म्हणून मी या वाक्यावर बंदी घालत नाही. कच्च्या लिखाणात खुशाल खाकरा म्हणते. पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३ साली एक साधा उपाय सुचवला होता: दहा मिनिटं हात न थांबवता लिहायचं, खोडायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही, काही सुचत नसेल तर ‘काही सुचत नाही’ हेच लिहीत राहायचं. मी हे पेन्सिलीने करायला लावते. शब्द अडला तर घरी बोलतो त्या भाषेत लिहा, इंग्रजीची पोलीस चौकी नंतर उघडेल, असं सांगते. दहा मिनिटं झाली की आपलंच लिखाण वाचायचं आणि ज्या ओळीवर आपण स्वतः जरासे थबकलो ती अधोरेखित करायची. ती ओळ सहसा पहिल्या परिच्छेदात नसतेच. बऱ्याचदा ती पानाच्या तळाशी असते, घाईत लिहिलेली, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेली, आणि तिच्यात एक खरंखुरं वाक्य असतं. निबंध तिथून सुरू करायचा. वरचं सगळं कापायचं. मुलांचा जीव तुटतो. एवढं लिहिलेलं फुकट गेलं!

मुलांची दुसरी समजूत अशी, की औपचारिक इंग्रजी म्हणजे अवजड इंग्रजी. ‘यूज’ लिहिलं तर गुण कापतील, म्हणून ‘यूटिलाइज’. ‘स्टार्ट’ नको, ‘कमेन्स’. ‘मेनी’ऐवजी ‘अ प्लेथोरा ऑफ’. हा ‘प्लेथोरा’ दर वर्षी कुठल्या तरी एका मुलाला सापडतो आणि आठवडाभरात त्याची वर्गभर लागण होते. पद्धत ठरलेली आहे: समानार्थी शब्दांची यादी उघडायची आणि त्यातला सगळ्यात लांब शब्द उचलायचा. त्यातूनच एकाच्या निबंधात ‘ओल्ड फ्रेंड’चा ‘एन्शंट कॉम्रेड’ झाला होता.

डॅनिएल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच खोडीवर शोधनिबंध लिहिला आहे. त्याने वाचकांना एकच मजकूर दोन रूपांत दिला, एक साध्या शब्दांत आणि एक मुद्दाम क्लिष्ट केलेला. क्लिष्ट मजकुराचा लेखक वाचकांना कमी बुद्धिमान वाटला. ओपनहायमरने गंमत म्हणून आपल्या शोधनिबंधाचं शीर्षकही विनाकारण बोजड ठेवलं होतं. त्या कामाला २००६ सालचं साहित्याचं ‘इग नोबेल’ मिळालं. ‘आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या’ संशोधनाला देतात तो हा पुरस्कार. ही गोष्ट मी दर वर्षी सांगते, मुलं दर वर्षी मनापासून हसतात, आणि ‘प्लेथोरा’ काही जात नाही. आता त्याचं कारण मला कळतं. मुलं लांब शब्द भाव खायला वापरत नाहीत, लपायला वापरतात. साध्या शब्दात आपलं म्हणणं उघडं पडतं, आणि ते किरकोळ निघालं तर काय, ही धास्ती असते.

मग औपचारिक लिहायचं म्हणजे काय करायचं? मी दोन वाचक समोर उभे करते. पहिला तुमचा मित्र. त्याला ‘गृहपाठ म्हणजे नुसता वैताग’ एवढं सांगितलं की पुरतं, कारण कालचा गणिताचा ढिगारा त्याच्याही दप्तरात होता. पुढचं सगळं तो स्वतःच भरून घेतो. दुसरा वाचक अनोळखी आहे, तुमच्या वर्गात नाही, तुमच्या बाजूचा तर नाहीच, आणि त्याला घाई आहे. त्याला तेच सांगायचं असेल, तर मित्राने जे मनातल्या मनात भरून घेतलं ते सगळं तुम्हाला कागदावर आणावं लागेल: कसला गृहपाठ, किती, कुणाला वैताग, कशावरून. ‘डोन्ट’चं ‘डू नॉट’ करणं, बोलीतले शब्द टाळणं हे त्या अनोळखी माणसासमोर जरा सावरून बसण्यासारखं आहे. ते करावंच, पण मुख्य काम ते नव्हे.

‘आय’चा घोळही याच जातीचा. औपचारिक निबंधात ‘आय’ चालत नाही, असं मुलांना कुणीतरी खालच्या वर्गात सांगितलेलं असतं आणि ते त्यांनी वेदवाक्यासारखं धरलेलं असतं. परिणामी ‘इट इज बिलीव्ड दॅट’ आणि ‘इट इज फेल्ट दॅट’ यांचा पाऊस पडतो. कोण मानतं? कुणाला वाटतं? वाक्यातला कर्ता पळून गेलेला असतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखन-नियमावली कितीतरी विद्यापीठांत प्रमाण मानतात. लेखकाने स्वतः केलेल्या कामाबद्दल सांगताना ‘आय’ वापरावं, असं तीही सांगते. माझा व्यवहारी तोडगा असा: ‘आय थिंक’ काढा, कारण निबंध तुमचाच आहे, विचारही तुमचाच असणार. पण तुम्ही स्वतः वर्गातल्या मुलांना प्रश्न विचारून हिशेब केला असेल, तर ‘आय आस्क्ड’ असं ताठ मानेने लिहा. परीक्षेला मात्र मंडळाचे किंवा परीक्षकाचे जे संकेत असतील ते पाळा. तिथे तत्त्वाची लढाई लढून गुण घालवण्यात शहाणपण नाही.

आता साचा. प्रस्तावना, तीन मुद्द्यांचे तीन परिच्छेद, समारोप. या पाच परिच्छेदांच्या निबंधाला शिव्या घालणं हा भाषाशिक्षकांचा आवडता उद्योग आहे. साच्याची वंशावळ जुनी आहे. ॲबर्डीनला तर्कशास्त्र आणि इंग्रजी शिकवणारे अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली परिच्छेदाचे नियम घालून दिले. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यातून त्याचा विषय कळावा, हा त्यातलाच एक. पुढे १८७०च्या दशकात हार्वर्डने प्रवेश परीक्षेत छोटा इंग्रजी निबंध आणला आणि त्यात स्पेलिंग, विरामचिन्हं, व्याकरण शुद्ध हवं अशी अट घातली. ढिगाने निबंध तपासायचे म्हटल्यावर तपासणाऱ्याला साचा हवाहवासा वाटणारच. हे मी गठ्ठ्याच्या अलीकडे बसून म्हणते आहे, त्यामुळे माझी सहानुभूती कुठे आहे ते उघड आहे.

गंमत म्हणजे व्यावसायिक लेखक बेनसाहेबांचं फारसं ऐकत नाहीत. रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ साली नावाजलेल्या अमेरिकन मासिकांतले पंचवीस लेख तपासले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद जेमतेम १३ टक्के निघाले. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, ‘मग आम्हीच का लिहायचं, मॅडम?’ प्रश्न रास्त होता. त्या लेखकांना आपला परिच्छेद कुठे चाललाय ते ठाऊक असतं, तुला अजून नाही, असं मी त्याला सांगितलं. विषयवाक्य वाचकासाठी नंतर, आधी ते तुझ्यासाठी. त्याला हे फारसं पटलं नाही, पण त्याने लिहिलं.

साच्याशी माझं भांडण नाही. मुलं साच्यात ओतण्यासारखं काही आणत नाहीत, हे दुखणं आहे, आणि साचा ते शिताफीने झाकतो. ‘फर्स्टली, सेकंडली, थर्डली’ लावलं की कशाचाही निबंध दिसतो. हे मुलांना दाखवायला मी कात्री वापरते. निबंधाची प्रत काढायची, परिच्छेद कापून सुटे करायचे, ‘फर्स्टली’वर काट मारायची, पट्ट्या पिसायच्या आणि शेजाऱ्याकडे द्यायच्या. ‘मूळ क्रम लाव.’ बहुतेकांना लागत नाही, कारण मूळ क्रम नसतोच. गृहपाठाने झोप कमी होते, गृहपाठाने खेळ बुडतो, गृहपाठाने घरात भांडणं होतात. कोणतंही आधी घ्या, कोणतंही नंतर. ही यादी झाली. युक्तिवादात दुसरा परिच्छेद पहिल्याच्या खांद्यावर उभा असतो, पहिला काढला तर तो पडतो. ज्या मुलीच्या पट्ट्या शेजाऱ्याने पहिल्याच फटक्यात बरोबर लावल्या, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद परीक्षेतल्या गुणांनी येत नाही. आणि तिच्या निबंधात ‘फरदरमोअर’ एकदाही नव्हतं. ‘मोरओव्हर’, ‘फरदरमोअर’, ‘इन ॲडिशन’ या मंडळींचं एवढंच काम, की ‘आणखी एक’ असं सांगायचं. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘असं असेल तर’ हे जोडणारे शब्द जिथे येतात तिथे विचार वळतो. मुलांच्या निबंधात दुसऱ्या गटातले शब्द किती आहेत ते मी पेन्सिलीने गोल करून मोजायला लावते. आकडा पाहून बहुतेक जण गप्प होतात.

याच गृहपाठाच्या विषयावर एका मुलीने लिहिलेला निबंध मी बारकाईने सांगते, कारण सगळी झटापट त्यात आहे. विषय होता, गृहपाठ बंद करावा का. तिचं पहिलं मुख्य विधान असं होतं: ‘होमवर्क हॅज मेनी ॲडव्हान्टेजेस अँड डिसॲडव्हान्टेजेस.’ व्याकरण निर्दोष. मी तिला एवढंच विचारलं, ‘या वाक्यावर तुझ्याशी कोण भांडेल?’

ती म्हणाली, ‘कुणीच नाही.’

‘मग निबंध कुणासाठी लिहितेस?’

दुसऱ्या दिवशी ती ‘होमवर्क इज बॅड’ घेऊन आली. आता भांडण होतं, पण फार ढोबळ. कुणासाठी वाईट? सगळ्यांसाठी? ती बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसली आणि मग इंग्रजी सोडून मराठीत म्हणाली, ‘मॅडम, माझ्या शेजारणीची आई तिला रोज गणितं समजावून सांगते. माझ्या घरी कुणी नसतं. उत्तरं तिची बरोबर येतात, आणि शाबासकी तिला एकटीला मिळते.’ हे म्हणताना तिचा आवाज चढला होता. मी म्हटलं, हे लिही. तिसऱ्या दिवशीचं विधान: ‘होमवर्क रिवॉर्ड्स द स्टुडंट्स हू ऑलरेडी हॅव हेल्प ॲट होम, सो प्रॅक्टिस शुड हॅपन इन स्कूल.’ यात एक दावा आहे, त्याचं कारण आहे, उपाय आहे, आणि भांडायला माणसं रांगेत उभी राहतील. इंग्रजी तिला तिन्ही दिवस तेवढंच येत होतं.

यापुढे मी ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांची मदत घेते. त्यांनी १९५८ साली युक्तिवादाचे सुटे भाग करून दाखवले. दावा आणि पुरावा तर सगळ्यांनाच माहीत असतात. पण त्यांच्यामध्ये एक न बोललेला दुवा असतो, ज्याच्या जोरावर आपण पुराव्यावरून दाव्याकडे जातो. मुलांचे निबंध तिथेच गळतात. मुलीचा पुरावा होता, ‘काही घरांत मदत मिळते, काही घरांत नाही.’ दावा होता, ‘म्हणून सराव शाळेत व्हावा.’ मधला दुवा कुठे आहे? ‘शाळेतली शाबासकी मुलाच्या स्वतःच्या मेहनतीसाठी असावी, घरातल्या माणसांच्या मेहनतीसाठी नाही.’ हे तिला इतकं उघड वाटत होतं की लिहायचं सुचलंच नाही. आणि तेच वाक्य सगळ्यात जास्त वादाचं आहे! घरच्यांनी मुलाला मदत करणं यात वाईट काय, असं कुणीही विचारील. टुलमिन यांच्या यादीत आणखी एक भाग आहे, दाव्याची व्याप्ती आवरणारा शब्द: ‘बहुधा’, ‘पुष्कळदा’, ‘अशा परिस्थितीत’. मुलांना हे शब्द भित्रे वाटतात. ‘ऑल स्टुडंट्स’, ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’ असं ठणकावून लिहिलं की जोर येतो, अशी त्यांची कल्पना. मी म्हणते, तुमच्या ‘ऑलवेज’ला पाडायला समोरच्याला एकच उदाहरण पुरतं. ‘ऑफन’ लिहिलंत तर त्याला दिवसभर घाम गाळावा लागेल.

पुराव्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा रोग सर्वांना माहीत आहे. ‘स्टडीज हॅव शोन’. कोणत्या? ‘नाइन्टी पर्सेंट ऑफ पीपल’. हे नव्वद टक्के कुठे भेटले? मुलं आकडे सर्रास बनवतात आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही, कारण परीक्षेत कुणी पडताळत नाही. माझ्या वर्गात नियम असा आहे, की ज्याचा उगम सांगता येत नाही तो आकडा निबंधात येणार नाही. त्यापेक्षा स्वतः पाहिलेली एक गोष्ट नेमकेपणाने लिहा.

विरुद्ध बाजूची गत याहून वाईट असते. ‘सम पीपल से होमवर्क इज गुड, बट दे आर राँग.’ संपलं. यावर माझा एक सराव आहे. विरोधकाचा परिच्छेद असा लिहायचा की विरोधकाने तो वाचून ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हणत खाली सही करावी. वर्गात विरुद्ध मताचा जोडीदार दिलेला असतो, त्याची सही खरोखरच घ्यायची. सही मिळवायला मुलांना दोन-तीनदा लिहावं लागतं. ‘मी असं नाही म्हणालो’, ‘तू माझ्या तोंडी मूर्खासारखं वाक्य घातलंस’ अशी हमरीतुमरी होते. इंग्रजीच्या तासाला एवढा आवाज का, म्हणून शेजारच्या वर्गातून निरोप येतो. येऊ दे.

त्या मुलीच्या जोडीदाराने सही करायला एक अट घातली. त्याने हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांचं २००६ सालचं काम शोधून आणलं होतं. गृहपाठावरच्या कितीतरी अभ्यासांचा एकत्र आढावा त्यात घेतलेला आहे. गृहपाठ आणि यश यांचा मेळ सातवीपासून वरच्या वर्गांत अधिक ठळक दिसतो, खालच्या वर्गांत बराच क्षीण, असा त्याचा सूर. ‘आपण वरच्या वर्गातच आहोत ना? हे तुझ्या निबंधात घाल, मग सही करतो.’ मुलगी हिरमुसली. पुरावा तिच्या विरुद्ध जात होता. हा पुरावा टाळला तर चालेल का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, टाळ की, पण तुझ्या अनोळखी वाचकाने तो वाचलेला असेल तर?

ती परिच्छेद लिहायला गेली, तोवर जरा तपासण्याबद्दल. लाल पेनाची सवय सुटता सुटत नाही. इंग्रजी घरची भाषा नसलेल्या मुलांच्या वहीत ‘अ’ आणि ‘द’च्या चुका ओळीओळीला असतात, शब्दयोगी अव्ययांच्या तर विचारू नका. सगळ्या सुधारत बसलं की पान रक्तबंबाळ होतं आणि मुलगा वही मिटून दप्तरात टाकतो. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली तर सरळच म्हटलं, की परभाषेतल्या लिखाणात व्याकरणाच्या चुका सुधारून देणं सोडून द्या, त्याचा उपयोग नाही. त्यावर मोठा वाद पेटला आणि अजून तो पुरता विझलेला नाही. मी ट्रस्कॉटइतकी टोकाला जात नाही. पण व्याकरणाचे सुटे धडे घोटून निबंध सुधारत नाही, हे मला मान्य आहे. ग्रॅहम आणि पेरिन यांच्या २००७च्या अहवालातही असे धडे लिखाणाला उपकारक ठरलेले दिसत नाहीत. उलट दोन-तीन छोटी वाक्यं जोडून एक नीट वाक्य करण्याचा सराव मात्र उपयोगी पडलेला दिसतो. रिचर्ड हॅस्वेल यांची १९८३ सालची युक्ती मी बिनदिक्कत उचलली आहे: चूक सुधारायची नाही, तिच्यावर गोल करायचा नाही, फक्त त्या ओळीसमोर समासात एक खूण करायची. चूक मुलाने स्वतः शोधायची. हॅस्वेल यांच्या विद्यार्थ्यांना निम्म्याहून अधिक चुका स्वतःच्या स्वतः सापडल्या. माझ्याही वर्गात सापडतात. म्हणजे नियम त्यांना येत होता, लक्ष दुसरीकडे होतं.

गुणांचंही तसंच. रूथ बटलर यांनी १९८८ साली दाखवलं, की नुसता अभिप्राय मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारतात, अभिप्राय आणि गुण दोन्ही मिळालेली तितकी सुधारत नाहीत. गुण दिसले की अभिप्राय कोण वाचतो? म्हणून पहिल्या खर्ड्यावर मी आकडा घालत नाही. मग घरून फोन येतात. ‘मॅडम, लिहिलंय बरंच, पण दहापैकी किती?’ दहापैकी अजून काहीच नाही, निबंध व्हायचाय, असं सांगितलं की पलीकडे शांतता पसरते.

आणि हल्ली यंत्र आहेच. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि माझ्या गठ्ठ्यातून स्पेलिंगच्या चुका रातोरात कमी झाल्या. या निबंधांबद्दल माझी तक्रार नैतिक कमी आणि वाचक म्हणून जास्त आहे. मुलांनी फारसं काही न सांगता मागवलेला निबंध बहुधा ‘मेनी ॲडव्हान्टेजेस अँड डिसॲडव्हान्टेजेस’चीच गुळगुळीत आवृत्ती असतो. दोन्ही बाजूंना समान माप, शेवटी ‘बॅलन्स इज की’. त्याच्याशी कुणी भांडणार नाही. पकडापकडीत मी वेळ घालवत नाही. मूल समोर बसवते आणि विचारते, तिसरा परिच्छेद तिसराच का, दुसरा का नाही? ज्याने लिहिलंय तो चिडून का होईना, सांगतो. दुसरा आढ्याकडे बघतो.

तर ती मुलगी. कूपर यांचा निष्कर्ष तिने निबंधात घातला, जोडीदाराची सही घेतली, आणि मग तिचा समारोप अडला. ‘इन कन्क्लूजन’ लिहून पुढे पहिल्या परिच्छेदाची नक्कल करायची, ही तिची नेहमीची वाट होती, पण आता ती नक्कल खोटी वाटू लागली होती. मधे इतकं काही घडल्यावर ती पहिल्या जागी उभीच नव्हती. शेवटी तिने जे लिहिलं त्याचा आशय असा: वरच्या वर्गांत सरावाचा उपयोग होतो हे मान्य, मग प्रश्न गृहपाठ हवा की नको हा राहत नाही, प्रश्न असा, की तो घरच्या मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय पुरा करता येईल असा का दिला जात नाही? ज्या गणिताची रीत वर्गात शिकवून झाली तेवढंच घरी द्या, नव्या रीतीचं गणित घरी पाठवू नका. हे सगळं पाच ओळींत, दोन ‘द’ गाळून आणि ‘इंडिपेन्डन्ट’चं स्पेलिंग चुकवून.

मी ती पाच ओळींची चौकट केली आणि तिथून पहिल्या पानापर्यंत एक लांब बाण काढला. तिने बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘हे वर घ्यायचं?’

‘हो. तुझा निबंध इथून सुरू होतो.’

‘पण मग दुसरा परिच्छेद राहतच नाही. आणि तिसऱ्यात मी म्हटलंय की सराव शाळेतच व्हावा, ते तर आता मी म्हणतच नाहीये.’

‘मग?’

‘म्हणजे सगळं परत लिहायचं?’

‘सगळं नाही. शेजारणीची गोष्ट ठेव.’

तिने वही ओढून घेतली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, जे औपचारिक इंग्रजी नक्कीच नव्हतं, आणि पान उलटून तारीख घातली.